पोटासाठी प्रोबायोटिक: गावात राहून घ्यायचं तर कसं घ्यावं

सोयाबीनच्या बियाण्याला पेरणीआधी रायझोबियम हे जिवाणू खत चोळणाऱ्या माणसाला प्रोबायोटिक समजावून सांगणं सोपं जातं. पाकिटात जिवंत जिवाणू असतात, ते उन्हात ठेवलं की मरतात, मुदत संपली की नुसती भुकटी उरते. सोयाबीनचं पाकीट हरभऱ्याला चालत नाही, आणि बुरशीनाशकात कालवून लावलं तर पैसे पाण्यात जातात. मेडिकलमधून पोटासाठी आणतो त्या कॅप्सूल, पुड्या आणि कुप्यांचं गणित जवळपास हेच आहे. शेतात एवढी काळजी घेणारे आपण मेडिकलच्या काउंटरसमोर मात्र "पोट बिघडलं बाप्पा, एखांदी गोयी दे" एवढंच सांगतो आणि हातात पडेल ते घेऊन घरी येतो.

२००१ मध्ये संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी प्रोबायोटिकची व्याख्या केली. तिच्यात तीन अटी आहेत. सूक्ष्मजीव जिवंत हवेत, पुरेशा संख्येत हवेत आणि त्यांचा शरीराला फायदा व्हायला हवा. पहिल्यांदा घेणाऱ्यानं या तीन अटी ध्यानात ठेवल्या तरी अर्धं काम होतं. बाकीचं अर्धं म्हणजे कधी घेऊ नये ते कळणं. सुरुवात तिथूनच करू.

पहिली पायरी: पुडी फोडण्याआधी माणूस बघा

पावसाळ्यात विहिरीत नवं पाणी उतरलं की हगवणीची साथ ठरलेली. हगवणीत माणूस दगावतो तो अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे, आणि ते भरून काढायचं काम कुठलंही प्रोबायोटिक करत नाही. ते ओआरएस करतं. ओआरएसची सरकारी पुडी आशाताईंकडे आणि उपकेंद्रात फुकट मिळते. एक लिटर पिण्याच्या पाण्यात पूर्ण पुडी, हे प्रमाण मोडू नका. ग्लासभर पाण्यात अंदाजे चमचाभर टाकलं तर क्षार जास्त होतात आणि लहान लेकराला ते धोक्याचं ठरतं. केलेलं पाणी चोवीस तासांत वापरायचं, उरलं तर टाकून द्यायचं. अकोला, बुलडाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात राहत असाल तर बोअरचं खारं पाणी त्यासाठी घेऊ नका, पिण्याचं गोड पाणीच घ्या. दुकानात मिळणारी गोड, रंगीत खोकी म्हणजे ओआरएस नव्हे. ठरलेल्या सूत्रानं न बनवलेल्या पेयांना ओआरएस हे नाव वापरायला अन्न सुरक्षा प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी केली, ती याच गोंधळामुळे.

मुलाला सोबत झिंक द्यायचं. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, म्हणजे २० च्या गोळीची अर्धी, आणि सहा महिन्यांवरच्या मुलाला २० मिलिग्रॅम. हे १४ दिवस चालतं. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी गोळ्या चौदा दिवस पूर्ण करायच्या. ही दोन्ही औषधं चालू असतील तर प्रोबायोटिकचा विचार नंतर करता येतो. ती नसतील आणि घरात फक्त प्रोबायोटिकच्या कुप्या आल्या असतील, तर क्रम चुकला.

काही लक्षणं दिसली की मेडिकल नाही, दवाखाना गाठायचा. शौचातून रक्त किंवा आव, जोराचा ताप, पाणीही पोटात न ठरणाऱ्या ओकाऱ्या, तांदळाच्या धुवणासारखे पाण्यासारखे जुलाब, डोळे खोल जाणं, सहा-आठ तास लघवी न होणं, मूल सुस्त पडणं किंवा दूध न ओढणं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला जुलाब लागले तर यातलं काही दिसण्याची वाट बघू नका. १०८ ला फोन करा. जुलाब थांबवायची गोळी मोठ्यांची असते, ती अर्धी करून लेकराला देऊ नका. अशी गोळी आतडी सुस्त करते, घाण आत राहते आणि पोट फुगतं.

कापसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण शहरातल्या लेखांत ती सापडत नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबर फवारणीचा हंगाम असतो. फवारून आलेल्या माणसाला मळमळ, ओकाऱ्या, पोटात मुरडा आणि जुलाब सुरू झाले की घरचे म्हणतात, काहीतरी खाण्यात आलं असेल. सोबत दरदरून घाम, तोंडाला लाळ, धूसर दिसणं, बारीक झालेल्या बाहुल्या, हातापायांच्या स्नायूंची फडफड किंवा धाप असेल तर ती कीटकनाशकाची विषबाधा आहे असं धरून चाला. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कपडे काढून टाका, अंग साबणपाण्यानं धुवा, औषधाचा डबा किंवा त्याचं लेबल सोबत घ्या आणि थेट रुग्णालयात न्या. अशा माणसाला ताक, दही, प्रोबायोटिक देत घरी बसवणं म्हणजे वेळ घालवणं.

जुनाट तक्रारीतही आधी तपासणी लागते ती अशी: वजन कमी होत चाललंय, रात्री झोपेतून उठून शौचाला जावं लागतं, शौच डांबरासारखं काळं होतं, अंगात रक्त कमी आहे, किंवा पन्नाशीच्या आसपास शौचाची सवय अचानक बदलली. चौदा दिवसांपेक्षा जास्त चाललेले जुलाबही याच यादीत येतात.

दुसरी पायरी: कोणत्या तक्रारीवर उपयोग, ते विचारा

प्रोबायोटिकचा सगळ्यात चांगला पुरावा अँटिबायोटिकमुळे लागणाऱ्या जुलाबांबाबत आहे. दाताला सूज, घशाला संसर्ग, जखम, काहीही असो, अँटिबायोटिक चालू झालं की आतड्यातले उपयोगी जिवाणूही त्यात मरतात आणि काहींचं पोट ढासळतं. कॉक्रेन या संस्थेनं २०१९ मध्ये मुलांवरच्या ३३ चाचण्या एकत्र तपासल्या. प्रोबायोटिक न घेतलेल्या शंभरातल्या सुमारे १९ मुलांना असे जुलाब लागले, घेतलेल्यांमध्ये सुमारे ८. म्हणजे फायदा खरा आहे, पण दर शंभरातल्या सुमारे ८१ मुलांना काहीही न घेता जुलाब लागलेच नव्हते, हेही त्याच आकड्यांतून दिसतं. म्हणून प्रत्येक अँटिबायोटिकसोबत डोळे झाकून प्रोबायोटिक घ्यायची गरज नाही. आधी कधी अँटिबायोटिकनं पोट बिघडलं होतं, कोर्स लांबचा आहे किंवा औषध जास्त तिखट आहे, अशा वेळी डॉक्टरांना विचारून घ्यावं.

साध्या साथीच्या हगवणीचा पुरावा मात्र कमजोर पडला आहे. कॉक्रेननंच २०२० मध्ये ८२ चाचण्या पाहिल्या आणि दोन दिवसांपेक्षा जास्त लांबणाऱ्या जुलाबांवर प्रोबायोटिकनं फारसा फरक पडत नसावा, असा निष्कर्ष काढला. त्याआधी २०१८ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या दोन मोठ्या चाचण्यांतही मुलांना फायदा दिसला नव्हता. तरीही डॉक्टरांनी सॅकरोमायसिस बुलार्डी किंवा लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी या नावाचं प्रोबायोटिक लिहून दिलं तर वाद घालायचं कारण नाही, कारण मुलांच्या पोटाच्या काही तज्ज्ञ संघटना या दोन प्रकारांना अजून जागा देतात. फक्त त्यामुळे ओआरएस थांबवू नका.

महिनोन् महिने पोट फुगतं, कधी पातळ कधी घट्ट, शौच झाल्यावर मुरडा थांबतो, आणि तपासण्यांत काही निघत नाही, त्याला डॉक्टर आयबीएस म्हणतात. यात काहींना आराम पडतो, पण कुठल्या प्रकारानं कोणाला पडेल ते आधी सांगता येत नाही. एक प्रकार घेऊन बघायचा, त्याची मुदत ठरवायची, नाही जमलं तर सोडायचा.

ॲसिडिटीवर प्रोबायोटिकची आशा धरू नका. बद्धकोष्ठतेवरचा पुरावाही कच्चा आहे, तिथे पाणी, भाजी आणि चालणं जास्त उपयोगी. आणि ज्याला काहीच तक्रार नाही, त्यानं "पोट साफ राहावं" म्हणून रोज कॅप्सूल घेणं हा माझ्या मते घरातला सगळ्यात वायफळ खर्च आहे. टीव्हीवर कोणी हसत-हसत बाटली प्यायलं म्हणून आपल्याही आतड्याला ती लागतेच असं नाही.

आता दही-ताकाबद्दल, कारण हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. घरच्या विरजणात जिवंत जिवाणू असतात, पण कोणते आणि किती ते कोणी मोजलेलं नसतं. म्हणून दही हे पाकिटातल्या प्रोबायोटिकची जागा घेतं असं म्हणता येत नाही, आणि धडधाकट माणसाला पाकिटाची गरज आहे असंही म्हणता येत नाही. ज्यांना दूध पचत नाही त्यांना दही पचतं, कारण विरजणातले जिवाणू दुधातली साखर फोडायला मदत करतात. कढी उकळली की ते मरतात. आंबीलही आंबवल्यावर शिजवतो, त्यामुळे तिची आंबट चव राहते, जिवाणू राहत नाहीत. दोन्ही खावं, छानच आहेत, फक्त त्यांना औषध समजू नये. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, कांदा, लसूण यांतला चोथा आणि न पचणारी साखर हे आतड्यात आधीच असलेल्या जिवाणूंचं खाणं आहे. बाहेरून जिवाणू आणून टाकायचे आणि ताटात मात्र पांढरा भात आणि बिस्कीट, असं चाललं तर त्या जिवाणूंनी तरी काय करावं?

तिसरी पायरी: कोणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये

बहुतेक माणसांना प्रोबायोटिकचा त्रास होत नाही. म्हणूनच ज्यांना होऊ शकतो त्यांची आठवण राहत नाही. जिवाणू जिवंत आहेत, हीच अडचण. आतड्याची भिंत कमजोर असेल किंवा अंगातली प्रतिकारशक्ती पडलेली असेल तर ते आतड्यातून रक्तात उतरू शकतात.

विदर्भात पहिलं नाव सिकलसेलचं घ्यावं लागेल. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्यापासून मेळघाटापर्यंत हा आजार बऱ्याच घरांत आहे. एसएस म्हणजे पूर्ण आजार असलेल्या रुग्णाची प्लीहा लहानपणीच निकामी होऊ लागते, आणि रक्तात शिरलेल्या जंतूंना गाळण्याचं काम प्लीहाच करते. त्यामुळे अशा मुलाला स्वतःच्या मनानं प्रोबायोटिक देऊ नका. सिकलसेलच्या डॉक्टरांना विचारा. आणि त्याला ताप आला तर पोटाचं काहीही असो, त्याच दिवशी दवाखाना. एएस म्हणजे वाहक असलेल्यांना सहसा ही अडचण नसते.

याच गटात केमोथेरपी चालू असलेले, अवयव बदललेले, जास्त डोसात स्टिरॉइड घेणारे, एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खूप खाली गेलेले, कृत्रिम झडप बसवलेले आणि डायलिसिससाठी किंवा सलाईनसाठी मानेत, छातीत नळी असलेले रुग्ण येतात. नळीवाल्या रुग्णाबाबत एक गोष्ट फारच कमी नातेवाइकांना माहीत असते. सॅकरोमायसिस बुलार्डी हे यीस्ट आहे. त्याची पुडी किंवा कॅप्सूल खाटेवर बसून फोडली तर भुकटी हवेत उडते, हाताला लागते आणि नळीवाटे रक्तात जाऊन संसर्ग करू शकते. शेजारच्या खाटेवरचा पेशंट नळीवाला असला तरी हे लागू आहे. पुडी वॉर्डाबाहेर फोडा आणि हात धुवा.

स्वादुपिंडाला तीव्र सूज आलेल्या रुग्णांवर नेदरलँड्समध्ये प्रोबायोटिकची चाचणी झाली होती. २००८ मध्ये तिचे निकाल आले तेव्हा प्रोबायोटिक मिळालेल्या गटात शंभरात १६ मृत्यू होते, दुसऱ्या गटात ६. तेव्हापासून या आजारात प्रोबायोटिक देत नाहीत.

नवजात बाळांची गोष्ट दोन बाजूंची आहे. ओडिशाच्या खेड्यांत साडेचार हजारांवर नवजात बाळांना लॅक्टोबॅसिलस प्लांटारम आणि त्याचं खाद्य असलेली साखर देऊन पाहिली गेली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निकालांत जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून सुमारे ४० टक्क्यांनी घटले. पण ती पूर्ण वजनाच्या आसपासची धडधाकट बाळं होती, जिवाणूचा वाण निवडून घेतलेला होता आणि बाळांवर रोज लक्ष होतं. उलट २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना प्रोबायोटिक देण्याबद्दल इशारा दिला, कारण तशा एका बाळाला प्रोबायोटिकमधल्याच जिवाणूचा रक्तसंसर्ग होऊन ते दगावलं होतं. घरापुरता नियम असा ठेवा की सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध, दुसरं जे काही ते फक्त बालरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर. जन्मघुटीही नाही.

गरोदर बाईनं आणि मधुमेह असलेल्यानं विचारून घ्यावं. मधुमेहात अडचण जिवाणूंची नाही, गोड पुड्यांमधल्या साखरेची आहे. दुधाची किंवा यीस्टची ॲलर्जी असेल तर घटकांची यादी वाचून घ्या.

चौथी पायरी: पाकीट वाचा

छपाई इंग्रजीत आणि बारीक असते. घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोराला बसवा आणि पाच गोष्टी शोधायला लावा.

आधी जिवाणूचं पूर्ण नाव. नुसतं "लॅक्टोबॅसिलस" पुरत नाही. लॅक्टोबॅसिलस हे कूळ, ऱ्हॅम्नोसस ही जात आणि जीजी हा वाण. चाचणी वाणावर होते, म्हणून वाण छापलेलाच नसेल तर ते पाकीट मी दुय्यम समजतो. २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी हे मोठं कूळ वेगवेगळं केलं, त्यामुळे काही पाकिटांवर "लॅक्टिकेसिबॅसिलस ऱ्हॅम्नोसस" असं नवं नाव दिसेल, जिवाणू तोच. आपल्याकडे बऱ्याच स्वस्त गोळ्यांवर "लॅक्टिक ॲसिड बॅसिलस" असतं. तो बहुधा बॅसिलस कोॲग्युलन्स असतो. प्लॅस्टिकच्या छोट्या कुप्यांत बॅसिलस क्लॉसी असतं. हे दोन्ही बीजाणू करून राहतात, म्हणजे कवचात झोपलेले असतात. या माहितीचा उपयोग पुढे ठेवण्याच्या पायरीत होईल.

मग संख्या. ती सीएफयूमध्ये असते, म्हणजे वाढू शकतील असे जिवंत जिवाणू किती. इंग्रजीतलं एक बिलियन म्हणजे आपले शंभर कोटी. प्रोबायोटिक अन्नपूरकात दिवसाच्या मात्रेत किमान दहा कोटी जिवंत जिवाणू हवेत, असा भारतातला २०१६ चा नियम आहे. मोठा आकडा म्हणजे चांगलं औषध असं मात्र नाही. ज्या संख्येवर चाचणी झाली ती संख्या महत्त्वाची. संख्या बनवतानाची आहे की मुदत संपेपर्यंतची हमी आहे, तेही बघा. दुसरी जास्त भरवशाची.

तिसरी गोष्ट मुदत. शक्य तर निदान सहा महिने बाकी असलेलं घ्या. चौथी, ठेवायचं तापमान. पाचवी, परवाना. अन्नपूरक असेल तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी क्रमांक आणि "औषधी वापरासाठी नाही" अशा अर्थाची इंग्रजी ओळ असते. औषध म्हणून बनलेलं असेल तर औषध उत्पादन परवान्याचा क्रमांक असतो. यांपैकी काहीच नसेल, किंवा बाजारात माईक लावून "पोटाचे सगळे आजार" बरे करणारा कोणी ती विकत असेल, तर पैसे खिशातच ठेवा.

डॉक्टरांनी दिलेल्या अँटिबायोटिकच्या पट्टीवर नावापुढे "एलबी" असं असेल तर त्यात लॅक्टिक ॲसिड बॅसिलस आधीच घातलेला असू शकतो. मग वेगळं प्रोबायोटिक घ्यायचं का, ते विचारून घ्या. गुरांच्या दवाखान्यातलं प्रोबायोटिक आणि कृषी केंद्रातलं जिवाणू संवर्धक माणसांसाठी नाही. नावं सारखी दिसतात म्हणून सांगितलं. बिल घ्या, त्यावर बॅच क्रमांक येतो. आणि घेण्याआधी एका दिवसाचा खर्च काढून त्याला दिवसांनी गुणा, म्हणजे अर्ध्यात सोडायची वेळ येणार नाही.

पाचवी पायरी: ऊन आणि भारनियमन सांभाळा

विदर्भात प्रोबायोटिक वाया जातं ते बहुतेक इथे. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि टिनाच्या छपराखालची खोली त्याहून बरी नसते. पाकिटावर मात्र "२५ अंशांखाली ठेवा" किंवा "२ ते ८ अंशांत ठेवा" असं लिहिलेलं असतं.

त्यामुळे निवडतानाच घर बघून निवडा. फ्रीज नसेल किंवा वीज दिवसातून सहा तास जात असेल तर फ्रीजमध्ये ठेवायचा लॅक्टोबॅसिलस किंवा बिफिडोबॅक्टेरियमचा प्रकार घेऊ नका, कितीही चांगला असला तरी. बीजाणूवाले बॅसिलस जास्त चिवट असतात, आणि गोठवून वाळवलेलं सॅकरोमायसिस बुलार्डी फ्रीजबाहेर राहू शकतं. डॉक्टरांना सरळ सांगा, "साहेब, घरी फ्रीज नाही." बहुतेक वेळा पर्याय असतो. फ्रीजमधलंच औषध लागणार असेल तर मेडिकलवाल्या भाऊंना विचारा, वीज गेल्यावर तुमचा फ्रीज इन्व्हर्टरवर चालतो का. लाजायचं काही कारण नाही, इन्सुलिनसाठीही हाच प्रश्न विचारावा लागतो.

तालुक्याहून घरी आणताना दुचाकीच्या डिक्कीत ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीची डिक्की तापून निघते. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी आणा, पिशवीत कपड्यात गुंडाळून अंगाजवळ ठेवा. बाजार, सोसायटी, तहसील सगळी कामं आटोपली की शेवटी मेडिकल.

घरी चुलीजवळची फळी, खिडकी, टीव्हीचा वरचा भाग आणि ओली मोरी टाळा. ओल उन्हाइतकीच वाईट, कारण दमट झालेल्या भुकटीतले जिवाणू अवेळी जागे होतात आणि मरतात. कॅप्सूल पट्टीतून काढून डबीत भरून ठेवू नका. उन्हाळ्यात फ्रीज नसेल तर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात पाकीट ठेवा आणि तो डबा सावलीत, ओल्या वाळूनं भरलेल्या मातीच्या कुंड्यात अर्धा रुतवा. कोरड्या हवेत पाणी उडतं तसं आतलं तापमान काही अंशांनी उतरतं. पावसाळ्यात हवा दमट झाली की ही युक्ती चालत नाही, आणि तेव्हा तिची फारशी गरजही नसते. फ्रीज असेल तर दारातल्या कप्प्यात नाही, मधल्या फळीवर ठेवा. बर्फाच्या कप्प्यात तर नाहीच.

सहावी पायरी: घेताना

कुपीपासून सुरुवात करतो, कारण ती दिसते इंजेक्शनच्या औषधासारखी. गावातल्या एखाद्या आजीनं "हे सुईनं द्याचं काय?" असं विचारलं तर हसू नका, प्रश्न रास्त आहे. कुपी तोंडानंच घ्यायची असते. हलवा, टोक पिळून तोडा आणि थोड्या पाण्यात किंवा दुधात मिसळून लगेच द्या. तुटलेलं टोक लेकरापासून लांब टाका, गिळलं जातं. डोळ्यांत किंवा कानात टाकायच्या थेंबांसोबत कुपी ठेवू नका.

पुडी साध्या किंवा कोमट पाण्यात. उकळता चहा, गरम दूध, गरम वरण यात कालवली तर बीजाणू कदाचित टिकतील, पण लॅक्टोबॅसिलस आणि यीस्ट मरतील. दारूसोबत तर कुठलंच नाही. लहान मुलाला कोरडी भुकटी जिभेवर टाकू नका, ठसका लागतो. कॅप्सूल फोडून द्यायची का, हे फार्मासिस्टला विचारल्याशिवाय ठरवू नका.

अँटिबायोटिक आणि जिवाणूवालं प्रोबायोटिक यांत निदान दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर अँटिबायोटिक त्या जिवाणूंना मारू शकतं. सकाळी आठला अँटिबायोटिक घेतलं तर दहानंतर प्रोबायोटिक. शेतात जाणाऱ्याला सोपं पडतं ते असं: अँटिबायोटिक न्याहारीनंतर घरी, प्रोबायोटिक दुपारच्या शिदोरीसोबत. पण मे महिन्यात शिदोरीच्या थैलीत ते दुपारपर्यंत तापेल, तेव्हा घरी परतल्यावर घ्या. सॅकरोमायसिस बुलार्डी यीस्ट असल्यामुळे जिवाणूंवरच्या अँटिबायोटिकनं मरत नाही, पण फ्लुकोनॅझोलसारख्या बुरशीवरच्या गोळीनं मरतं. गजकर्णासाठी तशी गोळी चालू असेल तर मेडिकलमध्ये सांगा. उपाशीपोटी की जेवणासोबत, हे प्रकारानुसार बदलतं, पाकिटावर असेल तसं करा. एक वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका.

सातवी पायरी: थांबवायचं कधी

सुरुवातीचे दोन-चार दिवस गॅस होणं, पोट गुडगुडणं चालतं. ज्या पाकिटात जिवाणूंसोबत एफओएस किंवा इन्युलिन नावाची साखर असते त्यात हे जास्त होतं. त्रास वाढतच गेला तर साखर नसलेला प्रकार मागा. अंगावर गांधी, ओठांना सूज, धाप, थंडी वाजून ताप यांपैकी काही झालं तर लगेच बंद करून दवाखाना गाठा, आणि तिथे प्रोबायोटिक घेत होतो हे आठवणीनं सांगा. डॉक्टर विचारतातच असं नाही.

अँटिबायोटिकसोबत चालू केलं असेल तर कोर्स संपल्यावर डॉक्टरांनी सांगितलेले थोडे दिवस घेऊन बंद करा. २०१८ च्या इस्रायलमधल्या एका लहान अभ्यासात, अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेतलेल्यांच्या आतड्यातले मूळचे जिवाणू परत जमायला उलट जास्त वेळ लागला होता. एका अभ्यासावरून घाबरायचं कारण नाही, पण महिनोन् महिने लांबवायलाही आधार नाही. हगवणीसाठी दिलं असेल तर साधारण पाच ते सात दिवस. आयबीएससाठी चार आठवडे एकच प्रकार घेऊन बघा, रोज रात्री वहीत पोट कसं होतं ते दोन शब्दांत लिहा, आणि थोडा फरक वाटत असेल तर जास्तीत जास्त बारा आठवड्यांपर्यंत न्या. फरक नसेल तर बंद. मध्येच दुसरा प्रकार जोडला तर कशानं काय झालं ते कोणालाच कळणार नाही.

औषध म्हणून घेतलेल्या प्रोबायोटिकमुळे त्रास झाला असं वाटलं तर पाकीट आणि बिल फेकू नका. बॅच क्रमांक त्यावरच असतो. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना सांगा, किंवा औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर स्वतः कळवा. रुग्णाचं वय, कशासाठी घेतलं, किती दिवस घेतलं आणि सोबत दुसरं कोणतं औषध चालू होतं, एवढी माहिती फोन करण्याआधी जवळ लिहून ठेवा.